आधी बिलं थांबली, मग क्रेन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सिव्हिल इंजिनियर आहे, सात वर्षं पुण्यात काम केलंय. दुबईतल्या एका डेव्हलपरकडून ऑफर आली आहे. मेहुणे तिथेच असतात. ते म्हणतात, येतोच आहेस तर बांधकाम चालू असलेला एक फ्लॅट बुक करून टाक. बाबा मात्र २००९ ची आठवण काढून नको म्हणतात. तेव्हा नेमकं झालं काय होतं? इतकी भपकेबाज बांधकामं केली म्हणून शहर बुडालं का?"

मी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मापं आणि बिलांचा हिशेब ठेवणारा. सांगलीत शिकलो, २००४ ते २०११ दुबईत होतो आणि त्यातला बहुतेक काळ एका मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडे बिलं आणि कॉन्ट्रॅक्टची कागदपत्रं सांभाळत होतो. त्यामुळे मी जे पाहिलं ते बिलांच्या बाजूने पाहिलं. त्या काळाबद्दल क्रेन आणि बेटांचे फोटो पाहून बरंच बोललं जातं. माझ्या मते खरी गोष्ट पैशाच्या साखळीत होती.

पहिलं म्हणजे तारीख. जगाला दुबईची बातमी कळली २५ नोव्हेंबर २००९ ला. बकरी ईदच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या संध्याकाळी 'दुबई वर्ल्ड' या सरकारी समूहाने कर्ज देणाऱ्यांकडे परतफेडीसाठी सहा महिन्यांची मुदत मागितली. पण आमच्या साइटवर हे सगळं त्याआधी एक वर्ष होऊन गेलं होतं. काम थांबवा असं सांगणारं पत्र आम्हाला २००८ च्या नोव्हेंबरअखेर आलं. दिवस विसरणं शक्य नाही, कारण त्या सकाळी साइट ऑफिसातला प्रत्येक मराठी माणूस टीव्हीसमोर उभा होता. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता. सीएसटी, कामा हॉस्पिटल, ताज. कोणी घरी फोन लावत होतं, कोणाचा लागत नव्हता. पत्राचं पाकीट दुपारपर्यंत कोणी फोडलंच नाही.

आता आधीची गोष्ट. २००२ मध्ये दुबईने परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घ्यायला परवानगी दिली, २००६ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. दुबईकडे तेल फारसं उरलेलं नव्हतं. बंदर, विमानसेवा आणि व्यापार हीच तिची खरी कमाई. त्यात जमीन विकता येते हे लक्षात आल्यावर कामांचा पूर आला. एमार या डेव्हलपरचा बुर्ज हा मनोरा, दुबई वर्ल्डमधल्या नखील या डेव्हलपरची पाम बेटं, ३०० बेटांचा 'द वर्ल्ड', मरीना आणि बिझनेस बे हे नवे भाग. त्यात भर पडली व्याजदरांची. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. २००७ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने आपली मंदी टाळण्यासाठी व्याजदर ५.२५ टक्क्यांवरून २००८ च्या एप्रिलपर्यंत २ टक्क्यांवर आणले. दिरहम बांधलेला असल्यामुळे इथलेही दर त्यांच्या मागे गेले, आणि त्याच वेळी अमिरातीत महागाई ११ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे जो कर्ज काढेल तो फायद्यात आणि जो पैसे बँकेत ठेवेल तो तोट्यात. शिवाय कुवेतने २००७ मध्ये डॉलरशी बांधलेली गाठ सोडली होती, आता दिरहमही सुटणार आणि महाग होणार या आशेने बाहेरचा पैसा अमिरातीच्या बँकांत येऊन बसला. बँकांनी तो कर्ज म्हणून वाटला. तो पैसा पाहुणा होता आणि २००८ च्या शरद ऋतूत पाहुण्यासारखाच निघून गेला.

पण ही झाली वरची कारणं. खाली, साइटवर, काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. हे नीट समजलं की बाकीचं आपोआप समजेल.

समजा १० लाख दिरहमचा फ्लॅट, इमारतीचा फक्त खड्डा खणलेला. पहिल्याने १० टक्के, म्हणजे १ लाख भरून बुक केला. चार महिन्यांत भाव वाढला, त्याने तो साडेअकरा लाखांच्या हिशेबाने दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने त्याला अडीच लाख दिले: भरलेला १ लाख आणि वर दीड लाख प्रीमियम. दुसऱ्याने १३ लाखांच्या हिशेबाने तिसऱ्याला दिला. तिसऱ्याच्या खिशातून ४ लाख गेले. आता विचार करा, या सगळ्यात डेव्हलपरकडे किती आले? १ लाख. साइटवर सळई आणि काँक्रीटला वापरता येईल असा पैसा तेवढाच. बाकीचे ३ लाख एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले. बाजारात भाव तीस टक्के चढला, पण त्या चढलेल्या भावातला एक फिल्सही साइटपर्यंत आला नाही.

आणि तिसऱ्या माणसाकडेही पुढचे हप्ते भरायला पैसे नव्हते. पुढचा हप्ता यायच्या आत आपणही विकू, याच हिशेबावर त्याने घेतलेला. विक्री चालू होती तोवर सगळे श्रीमंत होते. विक्री थांबली त्या महिन्यात सगळ्यांचे हप्ते एकदम थकले.

डेव्हलपरही तेच करत होता. त्याने जमीन मोठ्या डेव्हलपरकडून हप्त्यांवर घेतलेली. आलेल्या बुकिंगच्या पैशातून तो दुसऱ्या प्लॉटचा पहिला हप्ता भरायचा आणि तिथलंही बुकिंग सुरू करायचा. ग्राहकांचे पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे हा एस्क्रोचा कायदा २००७ मध्ये आला आणि रेरा ही देखरेख करणारी संस्थाही त्याच वर्षी. कायदा चांगला होता. पण अनेक प्रकल्पांचा पैसा तोवर पुढच्या जमिनींत जाऊन बसला होता.

आता कॉन्ट्रॅक्टरकडे या. आमची कॉन्ट्रॅक्ट फिडिकच्या लाल पुस्तकावर, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारावर, आधारलेली असायची. महिनाअखेर बिल द्यायचं, मालकाच्या कन्सल्टंटने २८ दिवसांत तपासून सर्टिफाय करायचं, मालकाने बिल मिळाल्यापासून ५६ दिवसांत पैसे द्यायचे. प्रत्येक बिलातून रिटेन्शन, म्हणजे काम पुरं होईपर्यंत राखून ठेवायची रक्कम, कापली जायची. शिवाय काम नीट पुरं करू याची १० टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी बँकेकडून दिलेली, मालकाने नुसतं मागितलं तरी बँकेने द्यावी अशा अटीची. मजुरांचा पगार मात्र दर महिन्याला. म्हणजे सगळं सुरळीत चालू असतानाही दोन-तीन महिन्यांचं काम कॉन्ट्रॅक्टरच्या पैशावर उभं असतं. तो ही ओढाताण खाली ढकलतो: सबकॉन्ट्रॅक्टरला 'मालकाने दिले की देऊ', आणि माल पुरवणाऱ्याला ९० किंवा १२० दिवसांचे पुढच्या तारखेचे चेक. पीडीसी (पोस्ट-डेटेड चेक) हा शब्द तिथे चहाइतकाच रोजचा होता.

आमची साइट बिझनेस बे मध्ये, दोन टॉवर, खाली तीन बेसमेंट. डेव्हलपरचं नाव घेत नाही. २००८ च्या जूनचं बिल सर्टिफाय झालं आणि पैसे आले नाहीत. कारण सांगितलं, रमजान चालू आहे, सही करणारे लवकर घरी जातात. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली, आम्ही ती अमेरिकेची बातमी म्हणून वाचली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ईद झाली, सही करणारे परत आले, पैसे आले नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये नखीलने एक किलोमीटरहून उंच मनोऱ्याची घोषणा केली होती. आमच्या टेबलावर दोन महिन्यांची थकबाकी आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो मनोरा, असं मी एकाच सकाळी पाहिलं आहे.

मग ती रात्र. तिथे गरम महिन्यांत मोठे स्लॅब रात्री ओततात. काँक्रीट ३२ अंशांच्या वर गेलं की कन्सल्टंटचा माणूस गाडी परत पाठवतो, म्हणून प्लांटवर पाण्याच्या जागी बर्फसुद्धा घालतात. त्या रात्री पोडियमचा, म्हणजे टॉवरखालच्या पसरट मजल्याचा, सत्तर गाड्यांचा स्लॅब होता. एकेचाळिसाव्या गाडीनंतर गाड्या यायच्या बंद झाल्या. प्लांटला फोन केला तर डिस्पॅचवरचा मुलगा म्हणाला, "सर, तुमची क्रेडिट लिमिट संपली, सिस्टीम पुढची गाडी घेत नाही." रात्रीचा दीड वाजलेला. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. आमचा फोरमन चिपळूणजवळचा, वीस वर्षं आखातात काढलेला. त्याने कोणाला न विचारता सुतारांना बोलावलं, स्लॅबच्या मधोमध जाळी आणि फळ्या लावून कडा बंद केली आणि जिथे डिझाइनमध्ये सांधा नव्हता तिथे सांधा केला. सकाळी मी हिशेबाला बसलो तेव्हा कळलं की प्लांटला दिलेला आमचा आधीचा चेक वटलाच नव्हता. मला दुबईची मंदी त्या रात्री कळली. फ्लॅटचे भाव पडल्याचं पेपरात यायला अजून वेळ होता.

म्हणूनच म्हणतो, भाव हे उशिरा कळणारं लक्षण आहे. आधी बिलांचे दिवस लांबतात.

पुढचं वेगाने घडलं. अमलाक आणि तमवील या घरकर्ज देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांची नोव्हेंबरमध्ये कोंडी झाली, आणि घरकर्जच मिळेना म्हटल्यावर खरा राहायला घेणारा माणूसही बाजूला झाला. तेल जुलैमध्ये १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं, ते डिसेंबरात चाळिशीच्या खाली आलं. सळई उन्हाळ्यात टनाला पाच हजार दिरहमच्या वर होती, वर्षअखेर निम्म्याहून खाली. ज्यांनी भाव अजून चढेल म्हणून साठा करून ठेवला होता ते त्यातच संपले. २० नोव्हेंबरला पामवरच्या अटलांटिस हॉटेलच्या उद्घाटनाची आतषबाजी झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नखीलने ५०० माणसं कमी केली. एक किलोमीटरचा मनोरा जानेवारीत थांबवला.

आता तुमच्या प्रश्नातला 'भपका'. माझं मत स्पष्ट आहे: भपक्यामुळे दुबई कोसळली नाही. बुर्जला सुमारे दीड अब्ज डॉलर लागले, आणि त्याच्याभोवतीचा सगळा विकास वीस अब्जांचा म्हणून सांगितला जायचा. बुर्जचं काम त्या वीस अब्जांच्या जमिनीला आणि फ्लॅटला भाव आणून देणं हे होतं, आणि ते त्याने केलं. तो मंदीतही पुरा झाला, मेट्रोही ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. अडकले ते साधे, चौकोनी, पंचवीस-तीस मजली टॉवर, ज्यांचे फोटो कोणी काढत नव्हतं. आमच्यासारखे.

मूळ दुखणं वेगळं होतं, आणि ते मला कामावर असताना दिसलं नाही, मजुरांचा कॅम्प रिकामा व्हायला लागला तेव्हा दिसलं. त्या सगळ्या इमारतींत राहणार कोण होतं? मी. माझ्यासारखे इंजिनियर, कन्सल्टंट, ड्राफ्ट्समन, फ्लॅट विकणारे एजंट, घरकर्ज देणारी बँकेची मुलं, फर्निचर आणि लाइट विकणारे दुकानदार. शहराचा मोठा हिस्सा बांधकाम करायला आला होता आणि बांधकाम त्याच हिश्शाला राहायला जागा हवी म्हणून चाललं होतं. भाडी चढत होती, कारण बांधणारे येत होते. भाडी चढतात म्हणून आणखी बांधायला घेतलं जात होतं. काम थांबलं की नोकरी जाते, नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द झाला की तेव्हा ३० दिवसांत देश सोडावा लागायचा. पुण्यात किंवा मुंबईत मंदी आली तर माणूस नोकरी जाऊनही शहरातच राहतो, भाडं कसंतरी भरतो, कांदेबटाटे विकत घेतो. तिथे नोकरी जाणारा प्रत्येक जण एक रिकामा फ्लॅट मागे ठेवून विमानात बसत होता. म्हणून पडझड इतकी वेगाने झाली. वर्षभरात घरांच्या किमती जवळपास अर्ध्यावर आल्या.

विमानतळावर धूळ खात सोडलेल्या गाड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. लोक त्यावर हसतात, मला ते आवडत नाही. तेव्हा न वटलेला चेक हा तिथे फौजदारी गुन्हा होता, आणि गाडीचं कर्ज, घरभाडं, फ्लॅटचे हप्ते सगळं पुढच्या तारखेच्या चेकवर चालायचं. नोकरी गेली की त्या चेकची तारीख म्हणजे अटकेची तारीख. माणसाला स्वतःचं कर्ज रीतसर मिटवायला दिवाळखोरीचा कायदाच नव्हता. तो २०२० पासून लागू झाला, आणि चेकचा कायदा २०२२ च्या जानेवारीत बराच सैल झाला. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात एक पांढरी गाडी होती, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची तशीच बांधलेली. उन्हाळाभर ती तिथे होती. ते कुटुंब मला तोंडओळखीने माहीत होतं, दोघंही कमावती, कधी कोणाचा पैसा बुडवणारी नव्हेत.

मजुरांचं तर कोणी लिहिलंच नाही असं मला वाटतं. सोनापूर हा तिथला मोठा लेबर कॅम्प, नाव सोनापूर. आमची पोरं तिथे राहायची. कोणाला काढून टाकलं असं म्हणायचं नाही, 'लाँग लीव्ह'वर पाठवायचं: तिकीट कंपनीचं, पगार शून्य, बोलावू तेव्हा या. एजंटला गावाकडे कर्ज काढून पैसे भरलेले, ते फिटायच्या आत परत. वेतन बँकेतूनच आणि वेळेवर द्यायची सक्ती करणारी यंत्रणा २००९ मध्ये आली, ते चांगलं पाऊल होतं. ज्यांची नोकरी टिकली त्यांना मात्र घरी पाठवताना जास्त रुपये मिळत होते, कारण २००८ च्या सुरुवातीला साडेदहा-अकरा रुपयांचा दिरहम वर्षभरात चौदाच्या आसपास गेला. त्याच महिन्यांत एकाच खोलीतल्या दोन खाटांवर एकाचं घर बांधून होत होतं आणि दुसऱ्याचं गहाण पडत होतं.

थांबलेली साइट कशी असते हे तुम्ही इंजिनियर आहात म्हणून सांगतो. ती थांबत नाही. बिझनेस बे मध्ये जमिनीत पाणी अगदी वर आहे. आमच्या दुसऱ्या टॉवरचा राफ्ट (पायाचा जाड स्लॅब) आणि दोनच बेसमेंट झाले होते, वर मजल्यांचं वजन नव्हतं. पंप बंद केले असते तर खालून पाण्याचा दाब येऊन सगळा सांगाडा उचलला गेला असता. म्हणून काम बंद, पण पंप चालू, जनरेटर चालू, डिझेल चालू, चौदा महिने. कॉलमच्या वर आलेल्या सळ्या गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचा घोळ फासून प्लास्टिक गुंडाळलेलं. टॉवर क्रेनचा फिरायचा ब्रेक सोडून ठेवावा लागतो, नाहीतर वादळात ती उलटू शकते. त्यामुळे वारा सुटला की ती आपोआप वळायची. संध्याकाळी पंपवाला आणि वॉचमन असे दोघंच खाली आणि वर ती क्रेन हळूहळू तोंड फिरवते आहे. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कॉन्ट्रॅक्टप्रमाणे काम ८४ दिवसांपेक्षा जास्त थांबलं की कॉन्ट्रॅक्टर पुन्हा काम सुरू करायची परवानगी मागू शकतो, आणि आणखी २८ दिवसांत ती मिळाली नाही तर बाहेर पडू शकतो. पत्र मी स्वतः तयार केलं होतं. पाठवलं नाही. पाठवलं असतं तर समोरच्याने १० टक्क्यांची गॅरंटी वटवली असती, आणि ती वटली की आमची बँक उरलेल्या साइटवरही हात आखडता घेणार. हक्क कागदावर असतो, पण तो वापरायला हातात रोकड लागते. नवीन इंजिनियरांना मी हे आवर्जून सांगतो.

वरच्या पातळीवर काय झालं ते थोडक्यात. दुबई सरकार आणि त्याच्या कंपन्यांवर मिळून ८० अब्ज डॉलरचं कर्ज आहे हे २००८ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर झालं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये दुबईने काढलेल्या रोख्यांपैकी १० अब्ज डॉलरचे रोखे अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने घेतले. नोव्हेंबरमध्ये ती मुदतीची मागणी, आणि १४ डिसेंबर २००९ ला, नखीलच्या मोठ्या रोख्यांची परतफेड होती त्याच दिवशी, अबुधाबीने १० अब्ज दिले. तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, बुर्ज दुबईचं उद्घाटन झालं ते अबुधाबीच्या शेख खलिफांच्या नावाने. पुढे नखीलने आपल्या कॉन्ट्रॅक्टरांची देणी ४० टक्के रोख आणि ६० टक्के रोख्यांत, वर्षाला १० टक्के परताव्याच्या, अशी फेडली, आणि ते रोखे २०१६ मध्ये पूर्ण फिटले. जे छोटे सबकॉन्ट्रॅक्टर पाच वर्षं थांबू शकत होते त्यांना पैसे मिळाले. बरेचसे थांबू शकले नाहीत, त्यांनी रोखे कमी भावात विकून टाकले.

आणि शहर उभं राहिलं, तेही सांगायला हवं. कारण जेबेल अली बंदर, विमानतळ आणि विमानसेवा मंदीतही चालू होत्या. ती कमाई बांधकामावर अवलंबून नव्हती. २०१३ मध्ये घर नोंदणीचं शुल्क २ वरून ४ टक्के केलं, घरकर्जावर मर्यादा आणल्या, म्हणजे खरेदी-विक्रीची घाई महाग पडावी. पाम जेबेल अली मात्र समुद्रात तशीच वाळू म्हणून पडून राहिली, तिचं काम २०२३ मध्ये नव्याने जाहीर झालं.

तेव्हा तुमच्या दोन प्रश्नांबद्दल. नोकरीला जा. इंजिनियरला तिथे जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळणं अवघड आहे. पण मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: कंपनी आपल्या कॉन्ट्रॅक्टरांची सर्टिफाय झालेली बिलं सध्या किती दिवसांत देते? डेव्हलपरकडे जाताय, तर त्यांच्या एखाद्या साइटवर जाऊन कॉन्ट्रॅक्टरच्या क्वांटिटी सर्व्हेअरलाही विचारा, तो खरं सांगेल. उत्तर साठ दिवसांचं असेल तर ठीक. शंभराच्या पुढे असेल आणि त्यासोबत काही कारण सांगितलं जात असेल, तर दुसरी ऑफर शोधा.

फ्लॅटचं वेगळं. आल्याआल्या घेऊ नका. ज्या शहरात तुमचा व्हिसा, पगार आणि घर तिन्ही एकाच धंद्यावर आहेत, तिथे तो धंदा बसला तर तिन्ही एकाच महिन्यात जातात, आणि तुमचा धंदा तर बांधकामच आहे. एक-दोन वर्षं भाड्याने राहा. नंतर घ्यायचाच झाला तर प्रकल्प रेराकडे नोंदवलेला आहे का आणि हप्ते एस्क्रो खात्यातच जातात का ते बघा. आपल्याकडे महारेरा आल्यापासून ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, तसाच तो प्रकार आहे. आणि फ्लॅट मध्येच विकायचा विचार पूर्ण बाजूला ठेवून, सगळे हप्ते शेवटपर्यंत पगारातून भरता येतात का हे कागदावर मांडा.

मेहुण्यांनी सुचवलेल्या प्रकल्पाचं हप्त्यांचं वेळापत्रक असेल तर नावं झाकून पाठवा. कोणता हप्ता कामाच्या कोणत्या टप्प्याला येतो ते बघून मी सांगेन.